एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये पाणी लाल, गवत जांभळं दिसून राहिलं (विंडोज ७)

तर्री_पोहे | मंगळवार, रात्री ९.४०

राजेहो, एक अडचण आहे. एज ऑफ एम्पायर्स २, द कॉन्करर्स या पुरवणीसकट, मूळ सीडीवरून टाकला, १.०सी पॅच लावला. खेळ सुरू होते, आवाज बरोबर येते, गडी लाकडं तोडून राहिले. पण रंग पार बिघडले. पाणी विटकरी लाल, गवतावर जांभळे ठिपके, माणसांचे चेहरे हिरवे. ऑल्ट-टॅब करून बाहेर गेलं आणि परत आलं की आणखी तिसरेच रंग. डेस्कटॉपवर, व्हिडिओत, बाकी कशातच दोष नाही.

मशीन: कोअर २ ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी रॅम, वेगळं कार्ड नाही, बोर्डावरचं इंटेलच. विंडोज ७, ३२-बिट. मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ × ७६८, व्हीजीए केबल.

करून पाहिलं: ड्रायव्हर काढून परत टाकला. डायरेक्टएक्स परत टाकलं. कम्पॅटिबिलिटीत एक्सपी लावलं. गेम दोनदा नव्यानं टाकला. काऊन होते हे?

धरमपेठी | मंगळवार, रात्री ९.५८

केबल पाहा आधी. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १, २, ३ या लाल, हिरवा, निळा. एखादी वाकली की रंग गेलाच. दोन मिनिटांचं काम आहे, काढून पिना मोजा.

जुनाट_पीसीआय | मंगळवार, रात्री १०.२५

पिनांचं बरोबर सांगितलंत, पण लक्षण जुळत नाही. निळ्याची पिन गेली तर पांढरा रंग पिवळा दिसतो, हिरव्याची गेली तर किरमिजी, लालची गेली तर निळसर हिरवा. आणि ते सगळीकडे दिसतं, अगदी बायोसच्या, म्हणजे मशीन चालू होतानाच्या, पहिल्या पाटीपासून. इथं डेस्कटॉप स्वच्छ आहे आणि ऑल्ट-टॅब केलं की रंग बदलतात. वायर असं करत नाही.

ड्रायव्हरही नाही, त्यामुळे तो आता चौथ्यांदा टाकू नका. हे पॅलेटचं भांडण आहे.

हा गेम १९९९ चा, कॉन्करर्स २००० चा. तेव्हा ३२ एमबी रॅमवर चालायला हवा म्हणून चित्र ८-बिट ठेवलं. म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी रंग साठवलेला नाही, फक्त ० ते २५५ मधला एक आकडा साठवलाय. कोणता आकडा म्हणजे कोणता रंग, हे २५६ ओळींच्या एका वेगळ्या तक्त्यात असतं. तोच पॅलेट. १०२४ × ७६८ चं चित्र असं ठेवलं तर ७६८ केबीत बसतं, ३२-बिट रंगात त्यालाच ३ एमबी लागतात.

रांगोळीच्या ठिपक्यांशेजारी आकडे लिहून ठेवले आणि रंगाच्या डब्यांवरही तेच आकडे टाकले. आता मधेच कुणी डबे इकडचे तिकडे केले, तर रांगोळी आकड्यांप्रमाणे बरोबरच भरली जाईल, फक्त मोर लाल होईल. तुमचं चित्र बरोबर आहे, डबे हलले आहेत.

हलवतो कोण? विंडोजचा स्वतःचा एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार चालवणारा प्रोग्रॅम. पॅलेटमधले २० रंग विंडोज स्वतःकडे राखून ठेवतं. एक्सपीत गेम पूर्ण पडद्यावर आला की त्याचा तक्ता सहसा शाबूत राहायचा. व्हिस्टा आणि ७ मध्ये मागे बसलेला एक्सप्लोरर गेम चालू असतानाच त्या तक्त्यात हात घालतो. म्हणून ऑल्ट-टॅब केल्यावर दरवेळी नवा रंग.

खात्री करून घ्या, काही डाउनलोड न करता. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसेसमध्ये एक्सप्लोरर.ईएक्सई निवडून एंड प्रोसेस. डेस्कटॉप, टास्कबार सगळं गायब होईल, घाबरू नका. टास्क मॅनेजर तसाच राहतो. त्यातच फाइल, न्यू टास्क, ब्राउझ करून गेमची फाइल निवडा आणि चालवा. खेळून झालं की परत न्यू टास्कमध्ये नुसतं एक्सप्लोरर टाइप करून एंटर. डेस्कटॉप परत.

(फाइलींची नावं इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.)

तर्री_पोहे | मंगळवार, रात्री ११.०२

अरे बाप्पा! पाणी निळं झालं! ड्रायव्हरपायी तीन दिवस गेले नं भाऊ.

पण दरवेळी डेस्कटॉप मारून गेम लावायचा का? घरचे घाबरतात कोरा पडदा पाहून.

धरमपेठी | मंगळवार, रात्री ११.१०

केबलचा दावा मागे. त्यापेक्षा सोपं एक ऐकलंय: डेस्कटॉपवर राइट क्लिक, स्क्रीन रिझोल्यूशनची खिडकी उघडायची आणि ती उघडीच ठेवून गेम सुरू करायचा.

जुनाट_पीसीआय | बुधवार, सकाळी ८.१५

चालतं ते, बऱ्याच मशीनवर. स्टारक्राफ्ट, पहिला एज ऑफ एम्पायर्स, यांनाही हाच उपाय लागू पडतो कारण आजार तोच. पण कधी ऑल्ट-टॅबनंतर रंग पुन्हा जातात. कायमचे मार्ग तीन आहेत.

बॅच फाइल. नोटपॅडमध्ये तीन ओळी: पहिलीत टास्ककिल, त्यापुढे /एफ /आयएम आणि एक्सप्लोररची फाइल. दुसरीत स्टार्ट /वेट आणि गेमची फाइल. तिसरीत स्टार्ट एक्सप्लोरर. डॉट बीएटी नावानं सेव्ह करायची आणि गेमच्या फाइलशेजारीच ठेवायची, नाहीतर दुसऱ्या ओळीला गेम सापडणार नाही. /वेट विसरलात तर गेम उघडण्याआधीच एक्सप्लोरर परत येऊन बसतो आणि सगळी कसरत फुकट.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांचा साठा. गेम एकदा चालवून बंद करा. रजएडिटमध्ये एचके लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, डायरेक्टड्रॉ, मोस्ट रिसेंट ॲप्लिकेशन इथं जा. तिथं त्या गेमचं नाव आणि आयडी दिसेल. शेजारच्या कम्पॅटिबिलिटीखाली नवी की करून तीन नोंदी: नेम (तसंच्या तसं), आयडी आणि फ्लॅग्ज. फ्लॅग्ज बायनरी, किंमत ०० ०८ ०० ००. घोळ आयडीत होतो. तिकडे तो डीवर्ड असतो, इकडे बायनरी लिहायचा, म्हणून दोन-दोन अंकांच्या चार जोड्या उलट क्रमानं टाकाव्या लागतात. शेवटची जोडी आधी, पहिली शेवटी. सरळ लिहिलात की काहीच फरक पडत नाही आणि माणूस म्हणतो, उपाय खोटा. ६४-बिट विंडोज असेल तर हीच जागा वॉव६४३२नोडच्या आत असते. आणि हात लावण्याआधी ती की एक्सपोर्ट करून ठेवा.

तिसरा, आणि माझ्या मते तुमच्यासाठी हाच: सीएनसी-डीड्रॉ. ही एक डीएलएल फाइल आहे, नाव डीड्रॉ.डीएलएल. गेमला वाटतं आपण विंडोजच्या डायरेक्टड्रॉशी, म्हणजे चित्र पडद्यावर टाकणाऱ्या भागाशी, बोलतोय, प्रत्यक्षात मधे ही बसते. ८-बिट आकड्यांचे खरे रंग ती स्वतः करून मग कार्डाला देते. विंडोजच्या पॅलेटशी संबंधच उरत नाही, एक्सप्लोररनं काहीही करावं.

खसची_ताटी | बुधवार, सकाळी ९.३०

जोडून सांगते: ती डीएलएल प्रकल्पाच्या स्वतःच्या गिटहब पानावरूनच घ्या. "मोफत डीएलएल डाउनलोड" वाल्या साइट आणि "ड्रायव्हर अपडेटर" ही एकाच माळेचे मणी. अँटिव्हायरस कधीकधी या फाइलवर ओरडतो, कारण ती विंडोजच्या फाइलच्या नावानं मधे घुसते. तिचं कामच ते आहे. पण म्हणूनच कुठून घेतली याला महत्त्व.

कम्पॅटिबिलिटीतल्या "रन इन २५६ कलर्स" च्या नादी लागू नका. विंडोज ७ वर त्यानं अख्खा डेस्कटॉप २५६ रंगांत जातो, भांडण तिथंच राहतं.

तर्री_पोहे | बुधवार, रात्री ८.५०

सीएनसी-डीड्रॉ टाकला. झिप उघडून सगळ्या फाइली गेमच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. काईच फरक नाई. पाणी लालच.

जुनाट_पीसीआय | बुधवार, रात्री ९.०५

कोणत्या फोल्डरमध्ये? मूळ गेमची एम्पायर्स२ ही फाइल मुख्य फोल्डरमध्ये असते, पण कॉन्करर्सची एज२_एक्स१.ईएक्सई त्याच्या आतल्या एज२_एक्स१ या फोल्डरमध्ये असते. विंडोज डीएलएल शोधताना आधी चालणाऱ्या फाइलच्या शेजारी पाहतं. एक मजला वर ठेवलेली फाइल त्याला दिसत नाही. डीड्रॉ.डीएलएल आणि डीड्रॉ.आयएनआय (तिची सेटिंगची फाइल) आतल्या फोल्डरमध्ये न्या. एज ऑफ किंग्ज, म्हणजे मूळ गेमही खेळणार असाल तर एक प्रत बाहेरही राहू द्या.

मग आयएनआय नोटपॅडमध्ये उघडून रेंडरर (चित्र कोणत्या पद्धतीनं काढायचं) या ओळीवर ऑटो आहे तिथं डायरेक्ट३डी९ लिहा. जी४१ वरच्या इंटेलचं ओपनजीएल लंगडं आहे, डायरेक्ट३डी ९ मात्र धड चालतं.

तर्री_पोहे | बुधवार, रात्री ९.३१

हौ, एक मजला वरच होती. आता रंग झकास, ऑल्ट-टॅब केलं तरी हलत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक, सगळं फुगीर दिसते, घोडे म्हशीवानी. दोन, गेममध्ये १२८० × १०२४ निवडलं तर आधी मॉनिटर "आउट ऑफ रेंज" म्हणायचा, आता चित्र येते पण पुसट.

जुनाट_पीसीआय | बुधवार, रात्री १०.१०

दोन्हींचं मूळ एकच. गेमचे तिन्ही आकार, ८०० × ६००, १०२४ × ७६८ आणि १२८० × १०२४, चौकोनी मॉनिटरच्या काळातले आहेत. तुमचा पडदा १३६६ × ७६८. उभ्या ७६८ ओळींच्या पडद्यावर १०२४ ओळी बसणारच नाहीत. सिग्नल थेट जात होता तेव्हा मॉनिटरनं नकार दिला, आता डीएलएल त्या ओळी दाबून बसवते म्हणून अक्षरं पुसट.

तुम्हाला १०२४ × ७६८ सोन्यासारखं आहे. उंची अगदी ७६८ ला ७६८, एकही ओळ ताणावी किंवा दाबावी लागत नाही. आयएनआयमध्ये फुलस्क्रीन ट्रू, विंडोड ट्रू आणि मेनटॅस ट्रू करा. पहिल्या दोघांमुळे गेम कडा नसलेल्या खिडकीत पूर्ण पडदा भरतो, तिसऱ्यामुळे लांबी-रुंदीचं प्रमाण टिकतं. डाव्या-उजव्या बाजूला १७१ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या येतील. त्या राहू द्या. पट्ट्या घालवायला ताणलं की परत म्हशी.

मुख्य मेनू मात्र थोडा धूसर दिसेल. तो ८०० × ६०० चाच आहे, १.२८ पट वाढवावा लागतो, आणि पूर्णांकात न बसणारी वाढ धूसरच होते. खेळ सुरू झाला की स्वच्छ.

माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल-टॅब. खिडकी आणि पूर्ण पडदा यांत अदलाबदल करायला ऑल्ट-एंटर.

तर्री_पोहे | गुरुवार, संध्याकाळी ७.२०

मेनटॅस ट्रू केलं, सेव्ह केलं, गेम लावला, पट्ट्या नाई. परत आयएनआय उघडून पाहिलं तर ट्रूच आहे. गेम वाचूनच नाही राहिला.

खसची_ताटी | गुरुवार, संध्याकाळी ७.४५

गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये आहे ना? मग ती आयएनआय दोन ठिकाणी असणार.

विंडोज ७ जुन्या प्रोग्रॅमला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू देत नाही, पण तोंडावर नाही म्हणण्याऐवजी त्याची एक गुपचूप प्रत करून देतं. सीएनसी-डीड्रॉ गेम बंद होताना खिडकीची जागा वगैरे आयएनआयमध्ये लिहितो. ते लिहिलेलं त्या गुपचूप प्रतीत गेलं. पुढच्या वेळी गेमला तीच प्रत दिसते. तुम्ही नोटपॅडमध्ये ॲडमिन म्हणून बदलताय ती खरी फाइल, आणि तिच्याकडे कुणी पाहतच नाही.

इथं पाहा: सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर, प्रोग्रॅम फाइल्स. ॲपडेटा लपवलेलं असतं, फोल्डर ऑप्शन्समधून दिसतं करा. आतमध्ये गेमच्या नावाचं फोल्डर सापडलं की त्यातली डीड्रॉ.आयएनआय काढून टाका. बाकी काही उडवू नका, तुमचे सेव्ह केलेले डावही तिथंच असू शकतात.

खरं तर असे जुने गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकूच नयेत. डी ड्राइव्हवर साधं एक फोल्डर करा, तिथं टाका. निम्म्या तक्रारी तिथंच संपतात.

तर्री_पोहे | गुरुवार, रात्री ८.०५

सापडली! दोन आयएनआय होत्या. उडवली, पट्ट्या आल्या, घोडे घोड्यावानी झाले. ताई, मानलं.

आता त्याच मशीनचं दुसरं. भावाचं जुनं जीफोर्स २१० कार्ड, १ जीबीवालं, बसवलं. एज ऑफ एम्पायर्स ठीक. पण व्हाइस सिटी (जीटीएवाला गेम) लावला की पंधरा-वीस मिनिटांनी हिरवे चौकोन येतात, मग गाड्यांमधून लांबच लांब त्रिकोण निघून आकाशात जातात, मग पडदा दोन क्षण काळा. खाली फुगा येते, डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं आणि परत सावरला, अशा अर्थाचा. हेही पॅलेट का?

जुनाट_पीसीआय | गुरुवार, रात्री ८.३०

नाही. व्हाइस सिटी पीसीवर २००३ चा, डायरेक्ट३डी ८ वर चालणारा, त्यात ८-बिट पॅलेटवर पडदा चालत नाही.

घड्याळ पाहा. पहिल्या सेकंदापासून चित्र चुकीचं असेल तर दोष सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे गेम, सेटिंग किंवा ड्रायव्हर. सुरुवात स्वच्छ आणि पंधरा मिनिटांनी बिघाड असेल तर आधी उष्णतेवर संशय घ्या. तो फुगा म्हणजे कार्डानं दोन सेकंद उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजनं ड्रायव्हर परत उठवला. रजिस्ट्रीत ती मुदत वाढवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो घेऊ नका. ताप उतरत नाही, थर्मामीटर फोडल्यासारखं होतं.

जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सेन्सर्सच्या टॅबवर तापमान दिसतं. "लॉग टू फाइल" वर टिक करा, खेळा, बिघाड आला की आकडा इथं टाका. खोलीचं तापमानही.

तर्री_पोहे | शुक्रवार, रात्री ९.१५

नुसता डेस्कटॉप असताना ६४. गेममध्ये चढत जाते, चौकोन आले तेव्हा ९७. खोलीत ३८ आहे, कूलर चालू. सीपीयूचा डबा खोलीतल्या कूलरसमोरच ठेवला, थंड राहावा म्हणून.

खसची_ताटी | शुक्रवार, रात्री ९.४०

सीपीयू तिथून आधी हलवा!

आपल्या नागपूरची ही ठरलेली चूक आहे. कूलरची हवा गार असते कारण ती ओली असते. त्या ओलीसोबत ताटीचा भुसा आणि बाहेरची धूळ थेट कॅबिनेटमध्ये जाते आणि पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) फटींत चिखलाचा थर बसतो. कोरडी धूळ फुंकून जाते, ही जात नाही. शिवाय कार्डाच्या आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर डाग धरतात. कॅबिनेट कूलरच्या झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर अंतरावर, जमिनीपासून उंच.

पंखा खोलीपेक्षा गार करू शकत नाही, हेही धरून चला. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना जे कार्ड ७५ पर्यंत जायचं, तेच मे महिन्यात ४० च्या खोलीत ९५ गाठतं, काही न बिघडता. म्हणून हिवाळ्यात "दुरुस्त" झालेली कार्डं उन्हाळ्यात परत येतात.

आता उघडा. मेन स्विच बंद, केबल काढा, पाच मिनिटं थांबा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घ्या. कार्डाचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबून कार्ड सरळ वर ओढा, हलवत-हलवत नाही. मागचे चार स्क्रू (काही कार्डांवर दोन खिट्ट्या असतात) काढले की हीटसिंक सुटतो. घट्ट चिकटला असेल तर जरासा पिळा, उचकटू नका, चिप सोबत येईल. चिप आणि हीटसिंकमधली जुनी पेस्ट खडूसारखी कोरडी दिसेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडानं दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत पुसा. नवी पेस्ट हरभऱ्याच्या डाळीएवढी, मधोमध. फासू नका, दाबानं पसरते. जास्त झाली तर बाहेर येऊन नुसता राडा.

पंखा ब्रशनं झाडताना बोटानं धरून ठेवा. ब्लोअरनं गरगर फिरवला की त्याचं बेअरिंग जातं. सोनेरी पट्ट्यांवर पेन्सिलीचा पांढरा खोडरबर एकाच दिशेनं हलका फिरवा, चुरा झटका, मग अल्कोहोलचा हात.

तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कार्ड भाजायचे व्हिडिओ दिसतील. काही दिवसांपुरतं चालतंही कधी, मग कायमचं जातं. आणि त्या भांड्यात परत स्वयंपाक करू नका.

धरमपेठी | शुक्रवार, रात्री १०.००

एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पण पाहा नं. लोकल एसएमपीएसवर कार्ड लावलं की असंच होते.

जुनाट_पीसीआय | शुक्रवार, रात्री १०.१२

पाहायला हरकत नाही, पण २१० ला जेमतेम ३० वॅट लागतात, तेही स्लॉटमधूनच. एवढ्यानं बसणारा एसएमपीएस कार्डाआधी बाकीचं सगळं बसवेल. बोर्डावरचे कपॅसिटर मात्र कॅबिनेट उघडलंच आहे तर बघून घ्या. डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ आलेलं असेल तर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कुणाकडूनही बदलून घेता येतं.

साफ करूनही चौकोन आले तर आफ्टरबर्नर या कार्डाचे वेग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरी क्लॉक (मेमरीचा वेग) १०० मेगाहर्ट्झ खाली आणून पाहा. तेवढ्यानं चौकोन गेले तर कार्डाची मेमरी थकली आहे, तसंच वापरा. आणि बायोसच्या पाटीवरच ठिपक्यांची जाळी दिसू लागली तर खर्च करू नका, कार्ड संपलं. ड्रायव्हरचं म्हणाल तर या कार्डासाठी ३४२.०१ शेवटचा, २०१६ चा. त्यापुढचा कुणी देत असेल तर तो या कार्डाचा नाही. आधीचा इंटेल ड्रायव्हर काढायला डीडीयू (ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्रॅम) सेफ मोडमध्ये चालवा.

अंबाझरी_ओव्हरफ्लो | शनिवार, दुपारी १२.०५

धाग्यात घुसते, माफी. व्हाइस सिटी माझ्याही लॅपटॉपवर, पण विंडोज ११, नवं कार्ड, १४४ हर्ट्झचा पडदा. गरम वगैरे काही नाही. गाडी रिव्हर्सच जात नाही, आणि वेगात गेलं की पुढचा रस्ता गायब, गाडी निळ्या पोकळीत पडते. ग्राफिक्स कार्ड खराब का?

जुनाट_पीसीआय | शनिवार, दुपारी १२.४०

उलट, कार्ड जास्तच चांगलं आहे. ऑप्शन्समध्ये डिस्प्लेत जाऊन फ्रेम लिमिटर चालू करा. हा गेम सेकंदाला ३० चित्रं गृहीत धरून लिहिलाय आणि गाडीचं गणित त्या चित्रांना बांधलेलं आहे. लिमिटर बंद असला की तुमचं कार्ड शेकड्यांनी चित्रं काढतं, प्रत्येक चित्रामागे वेळेचा तुकडा इतका बारीक होतो की मागे जायचा जोर शून्यात जमा. रस्त्याचंही तसंच. शहर डिस्कवरून तुकड्यातुकड्यानं येतं, आणि त्या ओघाला सवड मिळत नाही.

त्याच पानावर ट्रेल्स बंद करा. हलणाऱ्या वस्तूंमागे ओढलेली पुसट सावली आणि पडद्यावरची नारिंगी झाक त्याचीच आहे. तर्री_पोहे, तुम्हीही करा, २१० वरचा भारही हलका होईल.

लिमिटर चालू करूनही चित्रं नेमकी ३० वर टिकली नाहीत तर सायलेंटपॅच ही दुरुस्ती टाकून पाहा. रुंद पडद्यावर नकाशा आणि आकडे ताणलेले दिसतात, त्याला वाइडस्क्रीन फिक्स वेगळा. दोन्ही चालतात एकत्र.

सेटिंग्ज फारच विस्कटली असतील तर डॉक्युमेंट्समध्ये जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स या फोल्डरातली जीटीए_व्हीसी.सेट ही एकच फाइल काढून टाका. गेम नवी करून घेतो. शेजारच्या .बी शेवट असलेल्या फाइली म्हणजे तुमचे सेव्ह, त्यांना हात नको.

अंबाझरी_ओव्हरफ्लो | शनिवार, दुपारी १.३०

रिव्हर्स लागला, रस्तेही आले! पण ३० फारच अडखळत वाटतं. लिमिटर ६० वर नाही का करता येत? आणि डीएक्सव्हीके टाकलं तर?

जुनाट_पीसीआय | शनिवार, दुपारी २.१५

डीएक्सव्हीके डायरेक्ट३डीचं बोलणं व्हल्कन या नव्या ग्राफिक्स भाषेत बदलून कार्डाला देतं. त्यानं चित्र काढण्याचा रस्ता बदलतो, गेमचं गणित नाही. २.४ आवृत्तीपासून डायरेक्ट३डी ८ त्यात आलंय, तुमच्या लॅपटॉपवर चालेल. पण रिव्हर्सचा घोळ त्यानं सुटणारा नव्हताच. (जुन्या मशीनवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याला व्हल्कन १.३ लागतं, जी४१ किंवा २१० वर ते नाही.)

कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमधून मर्यादा ६० ठेवून गेमचा लिमिटर बंद करता येतो. बरंचसं चालतं, पण गाड्यांच्या वागण्यात बारीक फरक पडतात, आणि एखादी मोहीम अडली की दोष कुणाचा हे कळत नाही. मोहिमा खेळताना ३०, नुसतं भटकायचं असेल तेव्हा ६०.

तर्री_पोहे | रविवार, रात्री ८.४०

कार्ड उघडलं. हीटसिंकवर ताटीच्या भुशाचा नमदा जमला होता, बोटाच्या पेराएवढा. पेस्ट डाळीएवढी लावली, खोडरबर फिरवला, सीपीयू कूलरपासून हलवला, ट्रेल्स बंद. तासभर व्हाइस सिटी, खोलीत ३९, कार्ड ७९ वर थांबलं. चौकोन नाई.

एक राहिलं. कार्ड परत बसवल्यावर आधी पडदाच येत नव्हता, मग केबल बोर्डाच्या व्हीजीएतून काढून कार्डाच्या व्हीजीएत लावली.

धरमपेठी | रविवार, रात्री ८.४४

म्हणजे शेवटी केबलच!